रिकामा डबा

दिवसभर काउंटरवर लोकांना तेच तेच सांगून घसा बसतो, आणि घरी आल्यावर पुन्हा आईला व्हॉट्सअ‍ॅप शिकवायचं. आज चौथ्यांदा सांगितलं, "आई, आलेल्या प्रत्येक फुलाला उत्तर द्यायचं नसतं गं. बघायचं आणि सोडून द्यायचं."

चष्मा नाकावर ओढून ती समोरच्या काकूंच्या गुलाबाला मोगरा धाडत होती. मान वर न करताच म्हणाली, "कुणी डब्यातून काही दिलं, तर रिकामा डबा परत करतो का आपण? चिमूटभर साखर तरी घालतोच ना."

तिचा फोन भरून गेला होता, म्हणून जुने फोटो पुसायला मी तो हातात घेतला. नावं सरकवताना माझं नाव आलं. उघडलं. उजवीकडे तिची रोज सकाळची फुलं, रोज दुपारचं 'जेवलीस का'. प्रत्येकाखाली मी वाचल्याच्या दोन निळ्या खुणा. डावीकडची माझी बाजू वरपासून खालपर्यंत कोरी.

हे तिनं मला कधीच बोलून दाखवलं नव्हतं.

"झालं का गं?" तिनं हात पुढे केला. फोन परत देताना वाटलं, यावर चिमूटभर साखर तरी ठेवायला हवी होती.