बोगनवेलीवरची अक्षरं

वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी श्रद्धांजलीचा बोर्ड करायला मी हर्सूलमधल्या एका फ्लेक्सच्या दुकानात गेलो. फोटो वडिलांच्या आवडीचा होता. मागं त्यांनीच लावलेली बोगनवेल भरभरून फुललेली. संगणकावर बसलेल्या पन्नाशीच्या बाईंनी त्यावर नाव टाकलं, तर पांढरी अक्षरं फुलांत हरवली. पिवळी केली, तीही दिसेनात.

"खाली काळी पट्टी द्या ना," मी घाईनं म्हणालो.

"नको भाऊ. पट्टीखाली त्यांची सगळी फुलं जातील."

चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी फक्त अक्षरांमागची फुलं जराशी धूसर आणि गडद केली. पांढऱ्या अक्षरांना बारीक काळी कड दिली. मग उठून दारापर्यंत गेल्या आणि डोळे बारीक करून तिथून नाव वाचलं. परत येऊन कड थोडी वाढवली, पुन्हा दारात गेल्या. असं चार वेळा.

"आता दिसतंय की चांगलं," मी म्हणालो.

"तुम्हाला दिसतंय, व्हय. पण असा बोर्ड वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी असतंय. त्याला बी दिसलं पाहिजे."

पाहुणे, फोन, मंडप या धावपळीत तोवर मी रडलोच नव्हतो. तिथं, त्या अनोळखी बाईंसमोर, मला रडू आवरेना. त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. बऱ्याच वेळानं स्क्रीन माझ्याकडं वळवून त्यांनी हळूच विचारलं,

"वाचता येतंय का, भाऊ?"

येत होतं.