सुतळी आणि आंतरराष्ट्रीय कायदा

साऱ्या पृथ्वीवर जेवढे म्हणून कायदे आहेत ते सदाशिव पेठेतल्या आपल्या तीन मजली इमारतीला तंतोतंत लागू पडतात, असं मानणारा माणूस मी एकच पाहिला: माझ्या बाकावरचे काका. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी बासष्टाव्या वर्षी सकाळच्या लॉ कॉलेजात नाव घातलं आणि नेमके माझ्याच शेजारी येऊन बसले. मी बाविशीचा, वडिलांनी ढकलला म्हणून आलेला. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पहिल्या तासाला जो गोंधळलो तो अजून सावरलेलो नाही. काका मला सोपं करून सांगायचे आणि त्यानं गोंधळ दुप्पट व्हायचा. त्यांच्या लेखी गच्चीवरची टाकी म्हणजे सामायिक नदी आणि सोसायटीचा सेक्रेटरी म्हणजे महासत्ता. तळमजल्यावरच्या बाईंनी जिन्यात चपलांचं कपाट ठेवलं, तेव्हा काकांनी 'सीमेचे उल्लंघन' अशी चिठ्ठी त्यांना नेऊन दिली. बाईंनी तिच्याच पाठीवर 'कपाट हलणार नाही. पुन्हा चिठ्ठी आणू नये' असं लिहून परत पाठवली. काका खूश! "बघ, पत्रव्यवहार सुरू झाला. यालाच वाटाघाटी म्हणतात." मला बापड्याला त्यात निव्वळ नकार दिसत होता.

हा सगळा खटाटोप खरं तर एका माणसासाठी होता. काकांच्या बरोबर डोक्यावरच्या मजल्यावर त्यांचे शाळेपासूनचे मित्र नाना राहत. दोघं रोज पहाटे पर्वतीवर जायचे आणि दिसलेला प्रत्येक पक्षी नाना वहीत टिपून ठेवायचे. एकदा घराचं रंगकाम काढलं म्हणून नानांनी त्या चौदा वह्या काकांकडे ठेवायला दिल्या. काकांकडे तेव्हा मेहुणा मुक्कामाला होता. त्यानं उत्साहाच्या भरात घर आवरलं आणि वह्या वर्तमानपत्रांबरोबर रद्दीत घालून टाकल्या. तेव्हापासून नऊ वर्षं बोलणं बंद. "कृत्य मेहुण्याचं, माझा काय संबंध?" हे काकांचं पालुपद. तेच शास्त्रशुद्ध सिद्ध करायला ते कॉलेजात आले होते. आणि आता घाई अशी, की महिनाअखेर नाना मुलाच्या फ्लॅटवर, वाघोलीला, कायमचे राहायला जाणार होते.

'राज्याची जबाबदारी' हे प्रकरण निघालं तेव्हा काका अगदी पुढे सरकून बसले. नागरिकानं काही केलं तर राज्य सहसा जबाबदार नसतं, असं सरांनी म्हणताच त्यांनी मला कोपरानं इतक्या जोरात ढोसलं की माझं पेन खाली पडलं. मग सर म्हणाले, "पण माहीत असून रोखलं नाही, किंवा उलट मदतच केली, तर मात्र जबाबदारी आली." काकांनी पुस्तकाच्या समासात काहीतरी खरडलं आणि वर हात ठेवला. मी डोकावलो. 'सुतळी' असं लिहिलं होतं. आंतरराष्ट्रीय कायद्यात सुतळी कुठून आली? मी अख्खी अनुक्रमणिका पालथी घातली, तिथेही नव्हती. पुढचे दोन दिवस काका आलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकात त्यांनी माझं मनगट धरलं. "तुला गुड ऑफिसेस व्हायचंय. म्हणजे भांडणाऱ्या दोघांना तिसऱ्यानं एकत्र आणायचं आणि गप्प बसायचं. तोंड उघडलंस की ती मध्यस्थी होते."

"मग मी करायचं काय?"

"असायचं."

आम्ही जिना चढून वर गेलो, तेव्हा नानांचं अर्धं घर खोक्यांत गेलं होतं. "या. काय काम काढलंत?" त्यांनी दारातच विचारलं. "बसायला खुर्च्या नाहीत. वाघोलीला गेल्या." आम्ही खोक्यांवर बसलो. काकांच्या हातात चार पानी निवेदन होतं, पण ते काही उघडेनात. पाच मिनिटं गेली, दहा गेली. नुसतं खोकलं तर मध्यस्थी होते का? "हा मुलगा मुका आहे का?" नाना म्हणाले.

"तटस्थ आहे," काका म्हणाले आणि त्यांनी निवेदनाची घडी करून खिशात घातली. "नाना, सुतळी मी दिली रे. मेहुणा गठ्ठा बांधत होता, मी पेपर वाचत होतो. त्यानं सुतळी मागितली, मी काढून दिली. वह्या तुझ्या आहेत हे दिसत होतं मला. उठायचा कंटाळा केला."

नाना खोक्यावरून उठले. मग म्हणाले, "एवढं सांगायला लॉ कॉलेज लागलं तुला?"

नऊ वर्षांनी 'तुला' ऐकून काकांनी रुमाल काढला. नाना चहा टाकायला आत गेले आणि तिथूनच ओरडले, "कप दोनच राहिलेत बाहेर!" मी उठलो आणि जिना उतरलो.

नाना वाघोलीला गेले ते गेलेच. काकांनी कॉलेज सोडलं. दर रविवारी ते बस पकडून तिकडे जातात आणि सहाव्या मजल्याच्या बाल्कनीत दोघं नव्या वहीत नोंदी करतात. पहिली चार पानं नुसती कबुतरंच आहेत म्हणे. परीक्षेत गुड ऑफिसेस आणि मध्यस्थी यांतला फरक विचारला होता. मी तो प्रश्न सोडून दिला आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत बसलो. कोणी कोपरानं ढोसलं असतं तर बरं वाटलं असतं.

नंतर एकदा काका बसथांब्यावर भेटले. मी विचारलं, "काका, मी तिथे काहीच केलं नाही. मला कशाला नेलंत?"

"अरे, नऊ वर्षांत कितीदा त्या जिन्याच्या अर्ध्यातून परत आलोय मी," काका म्हणाले. "त्या दिवशी मागे तू होतास. परत फिरायची लाज वाटली."

तेवढ्यात वाघोलीची बस आली, आणि काका वही छातीशी धरून गर्दीत चढले.