साहेबांची जागा

सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी, आत्या लोहचुंबक फिरवायची. जाड नाडीला बांधलेला, रंग उडालेला तो तुकडा ती फरशीवरून सावकाश ओढत न्यायची. पलंगाच्या कडेने, शिलाई मशीनच्या पायाखालून, थेट दारापर्यंत. आदल्या दिवशी सांडलेल्या टाचण्या टिक टिक करत त्याला येऊन चिकटायच्या. तेवढा वेळ साहेब पलंगावर पाय दुमडून बसून राहायचा. लहान असताना एकदा त्याच्या पंजात टाचणी रुतली होती. चुंबक फिरून झाल्याशिवाय तो खाली उतरत नसे, आणि तो उतरल्याशिवाय आत्या गॅस पेटवत नसे.

साहेब म्हणजे तिचा करडा बोका. कामाला हात लावत नाही, विचारलेल्याचं उत्तर देत नाही आणि नजर मात्र सगळ्यांवर ठेवतो, म्हणून साहेब.

आत्या कपडे शिवायची नाही, शिवलेले दुरुस्त करायची. पँटची लांबी कमी करणं, कोटाचं अस्तर बदलणं, चेन बसवणं, पोट सुटलेल्यांची कंबर वाढवून देणं. नवीन शिवणारे रग्गड आहेत, दुसऱ्यांच्या चुका निस्तरणारं कुणीतरी नको का, असं ती म्हणायची. तिचं लग्न फार टिकलं नव्हतं. त्याबद्दल ती एवढंच सांगायची, की माप मुळातच चुकीचं घेतलं होतं. त्यानंतरची अठ्ठावीस वर्षं ती त्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहिली.

कपडे टाकून जाणारी सगळी माणसं परत येत नाहीत. कुणाची बदली होते, कुणी जाड होतं, कुणी विसरतं. आत्या प्रत्येक कपड्याला चिठ्ठी टाचायची. तिच्यावर नाव, फोन आणि काय करायचं ते. काम झालं की गठ्ठ्यात बांधून ठेवायची. दुसऱ्याचं कापड आपलं नाही, ते फेकायचा आपल्याला अधिकार नाही, हा तिच्या धंद्याचा नियम. तो तिला कुणी शिकवला नव्हता आणि कुणी मोडूही शकलं नव्हतं.

आधी गठ्ठे माळ्यावर मावत होते. मग तिच्या गुडघ्यांनी दगा दिला, स्टुलावर चढणं बंद झालं आणि गठ्ठे खालीच राहू लागले. खुर्च्यांवर, पलंगाखाली, मग पलंगाच्या अर्ध्या भागावर. दर वेळी मी गेले की घर आणखी थोडं आत सरकलेलं असायचं. खिडकी गजांपर्यंत भरली आणि भर दुपारी ट्यूब लावावी लागू लागली. माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, म्हणायचे की ताईच्या घरात मुंगीलासुद्धा वाट विचारावी लागते. ती हसायची आणि त्यांना बसायला जागा करण्यासाठी एक गठ्ठा उचलून दुसऱ्यावर ठेवायची.

ह्या सगळ्यात साहेबाचं काय काय गेलं, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. आधी त्याची खिडकी गेली, मग कपाटाच्या माथ्यावरची जागा. शेवटी त्याचा ट्रे. वाळूचा ट्रे न्हाणीच्या दाराशी असायचा. तिथे एक दिवस पडद्यांचा गठ्ठा आला, म्हणून ट्रे ओट्याखाली गेला. ओट्याखाली पोतं आलं, म्हणून तो मशीनमागे. मग रोज जिथे रिकामं दिसेल तिथे. आत्याला स्वतःला कुठला कपडा कुठल्या ढिगात कितव्या थराला आहे हे डोळे मिटून सांगता यायचं. माझ्या लक्षात राहतं तर त्याच्या का राहू नये, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं.

साहेब पोट चाटू लागला. चाटून चाटून तिथली कातडी गुलाबी दिसायला लागली. कुणी आलं की गठ्ठ्यांच्या फटीत शिरायचा आणि तासन् तास बाहेर यायचा नाही. मग एकदा त्याने शाळेच्या चड्ड्यांवर मुतून ठेवलं. साहेबांनी सही केली, असं आत्याने मला फोनवर सांगितलं आणि आम्ही दोघी खूप हसलो. दुसरी सही एका गिऱ्हाइकाच्या लग्नातल्या कोटावर झाली. तो माणूस दारात उभा राहून बराच वेळ बोलला, आत्या मान खाली घालून ऐकत राहिली. त्यानंतर तिने झालेल्या कोटांना घालतात तसं प्लास्टिक सगळ्या गठ्ठ्यांवर घातलं. कपडे वाचले, पण साहेबाने जिथे पाय ठेवावा तिथे करकर आवाज व्हायचा. तो दचकायचा, पाय मागे घ्यायचा. हळूहळू त्याचं चालणंच थांबलं. वय झालं त्याचं, आत्या म्हणायची. तो सात वर्षांचा होता.

मी सुट्टीत घरी असताना एका संध्याकाळी तिचा बाबांना फोन आला. साहेब सकाळपासून ट्रेमध्ये बसतोय, उठतोय, परत बसतोय, आणि काहीच होत नाही. पोट साफ होत नसेल म्हणून तिने दुपारभर त्याचं पोट चोळलं होतं. आम्ही गेलो तेव्हा तो आडवा पडला होता आणि हात लावला की बारीक, न थांबणारा आवाज काढत होता.

प्राण्यांची डॉक्टर तरुण होती. तिने पोटाला हात लावला आणि लगेच त्याला आत घेतलं. लघवी तुंबली होती. आणखी काही तासांत खेळ संपला असता. नळी घालून तिने त्याला दोन दिवस ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी आत्या आणि मी आणायला गेलो, तेव्हा तिने पिंजरा आमच्या हातात दिला नाही. आधी बसायला सांगितलं.

"ट्रे कुठे असतो ह्याचा?"

"जागा असेल तिथे."

"म्हणजे रोज वेगळीकडे?"

"रोज नाही," आत्या म्हणाली. मग, "बहुतेक रोज."

खातो कुठे, झोपतो कुठे, बाहेर बघायला काही आहे का, उंचावर बसायला काही आहे का, असं ती विचारत गेली आणि आत्याची उत्तरं लहान लहान होत गेली. डॉक्टरने शांतपणे सांगितलं, की लघवीत खडा नाही, जंतू नाहीत. काही मांजरांचा ताण मूत्राशयात उतरतो, आणि बोक्यांची वाट अरुंद असते म्हणून ती बंदच होते. ह्याला घरात सरळ चालायला रस्ता नाही, नजर टाकायला जागा नाही, रोज सकाळी आपलं घर नव्याने शोधावं लागतं. हे परत होऊ शकतं, आणि पुढच्या वेळी तो वाचेल असं मी सांगत नाही. औषध लिहून देते, पण औषधाने घर मोकळं होत नाही.

मग कागदावर लिहिता लिहिता, मान वर न करता तिने विचारलं, "आणि तुम्ही कुठे बसून जेवता?"

आत्याने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला.

"उभ्यानेच," ती म्हणाली.

आम्हाला न्यायला आलेले बाबा परतताना गाडीत म्हणाले, की बोका आमच्याकडे दे नाहीतर मी उद्या टेम्पो आणतो. लोकांचे कपडे आहेत ते, असं आत्या म्हणाली. त्यावर बाबांचा आवाज चढला नाही, फक्त थकला. "ताई, लोक त्या पँटी विसरून वीस वर्षं झाली. तुलाच तेवढ्या आठवतायत."

टेम्पो खरंच आला. तीन गठ्ठे चढले आणि चौथ्याला आत्या जाऊन टेम्पोच्या फळीवर बसली. भांडली नाही, रडली नाही, नुसती बसली. टेम्पोवाल्याने बिडी ओढून संपवली, बाबांकडे पाहिलं, आणि तिन्ही गठ्ठे खाली उतरले. बाबा निघून गेले. त्यानंतर महिनाभर त्यांनी तिला फोन केला नाही.

त्या दिवशी आत्याने मला विचारलं, सुट्टी किती आहे. दोन महिने, मी म्हटलं. तिने पहिला गठ्ठा सोडला, चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. ज्याचं त्याला विचारून काय ते करू, म्हणाली.

मी फोन लावायचे, ती बोलायची. बरेचसे नंबर बंद झाले होते. काही दुसऱ्यांकडे गेले होते, त्यातल्या एका बाईने नसलेल्या कोटाबद्दल पंधरा मिनिटं चौकशी केली. एक गृहस्थ म्हणाले की आता त्या पँटमध्ये माझा एक पायही जाणार नाही, दोन्ही पाय घालणारा कुणी सापडला तर देऊन टाका. एका बाईने ड्रेसचा रंग विचारला आणि म्हणाली, जाळा तो. तीनदा फोन करायचा, न लागला तर कपडा धुऊन, इस्त्री करून ज्यांना हवा त्यांना द्यायचा, असं आत्याने ठरवलं. इस्त्री कशाला, असं मी विचारलं. चुरगळलेलं द्यायचं का, असं तिने मलाच विचारलं.

सगळ्यात आधी खिडकी मोकळी केली. मग खिडकीपासून ट्रेपर्यंतची वाट, जेमतेम दोन फुटांची. ट्रे परत न्हाणीच्या दाराशी गेला. प्लास्टिक काढून टाकलं. धुळीने आत्याचा घसा बसला, गुडघे सुजले. दर तासाने ती जमिनीवर पाय लांब करून बसायची आणि उठताना मशीनचा आधार घ्यायची. एका संध्याकाळी तिच्या हाती एक वीतभर फ्रॉक आला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, बाही सैल करणे. तिने तो उलटसुलट पाहिला. "ह्या पोरीला आता पोरं असतील," ती म्हणाली आणि घडी घातली.

साहेब अकरा दिवस न्हाणीतच राहिला. आम्ही त्याच्यासाठी घर रिकामं करत होतो आणि त्याला त्या रिकामपणाचीही भीती वाटत होती. बाराव्या दिवशी तो भिंतीला चिकटून खिडकीपर्यंत आला, वर पाहिलं आणि परत गेला. आत्या मान मोडून कोटाचं अस्तर उसवत होती. तिने मला खुणेने गप्प बसवलं. दोन दिवसांनी तो वर चढला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एक सायकल, एक भिंत, कधीतरी एखादा कावळा. तो तिथेच झोपला.

मी वसतिगृहात परत गेल्यावर शाळांचा हंगाम आला. एका शाळेचे पन्नास गणवेश आले आणि आत्याने एका दिवसापुरता ट्रे उचलून ओट्याखाली ठेवला. संध्याकाळी साहेब ट्रेच्या जुन्या जागी, उघड्या फरशीवर बसलेला तिला दिसला. खाली दोन गुलाबी थेंब होते. तिने पन्नासच्या पन्नास गणवेश दारात आणून रचले, ट्रे जागेवर ठेवला आणि शाळेच्या माणसाला फोन करून निम्मे परत न्यायला सांगितलं. इतक्या वर्षांत तिने काम परत केलं नव्हतं. कारण काय सांगू, असं त्याने विचारलं. जागा नाही म्हणून सांग, ती म्हणाली. तोवर हे दोन शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. साहेब पंधरा दिवस औषधावर राहिला. तुंबलं नाही.

तिचं घर काही कधी टापटीप झालं नाही. आतल्या खोलीत शेवटपर्यंत छातीएवढे ढीग होते आणि तिथे शिरायचं तर पोट आत घ्यावं लागायचं. बाहेरच्या खोलीत मात्र काही गोष्टी हलायच्या बंद झाल्या. ट्रे, पाण्याची वाटी, खिडकीखालचा स्टूल. स्टूल तिने स्वतःसाठी ठेवला होता. डॉक्टरने तसं सांगितलं नव्हतं. त्यावर बसून, ताट मांडीवर घेऊन ती जेवू लागली, आणि साहेबाची ताटली तिच्या पायाशी असायची. साहेबाच्या पोटावर केस परत आले. थोडे पांढरट, पण आले.

ह्यानंतर आत्या अडीच वर्षं होती. गेली ती झोपेत, कुणाला त्रास न देता. दुसऱ्या दिवशी बाबा तिच्या घरी पोहोचले, तेव्हा साहेब खिडकीत बसून होता. आता तो आमच्याकडे असतो. त्याचा ट्रे झाडू मारताना कुणी वीतभर सरकवला तरी बाबा उठून तो परत जागेवर ठेवतात.

आत्या गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिला वसतिगृहातून फोन केला होता. परीक्षा कशी झाली ते तिने विचारलं, गुडघ्यांबद्दल थोडं बोलली, बाबांना गोळ्या वेळेवर घ्यायला सांग म्हणाली. मी आणखी काहीतरी सांगत होते, आता आठवत नाही काय. तिने मला मध्येच थांबवलं.

"चल, ठेव आता. साहेब केव्हाचा ताटलीपाशी येऊन बसलाय, आणि मी बसल्याशिवाय तो तोंड लावत नाही."