फी भरण्याआधी मारेगावला

बायकोनं, रामीबाईनं, दोन्ही म्हशी विकल्या, त्या दिवसापासून फुलचंद राठोडला घरात बसवेना. उठायचा, तांड्याच्या तोंडापर्यंत जायचा, परत यायचा. अमरावतीला विद्यापीठात एम.एस्सी.ला पोरीचं, संगीताचं नाव लागलं होतं. शिष्यवृत्ती मागून येणार होती. फी अन् होस्टेलचे पैसे आधी भरायचे होते.

"पैसे घरात हायेत, भरून टाका ना," रामीबाई म्हणाली. "कायची वाट पाहून राह्यले?"

तो परत तांड्याच्या तोंडाकडे निघाला.

फुलसावंगीजवळच्या या बंजारा तांड्यात फुलचंद एके काळी ट्रॅव्हल्सवाला शेठ होता. पणजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, आपण पुण्यापर्यंत माणसं वाहतो, असं हसून सांगायचा. लॉकडाऊनमध्ये गाड्या उभ्या राहिल्या, त्या सावरल्याच नाहीत. फायनान्सवाल्यांनी त्या ओढून नेल्या आणि कोर्टानं त्याला दिवाळखोर ठरवलं. आता तो एका शाळेची बस चालवायचा. वसुलीचे फोन थांबले होते. पण मारेगावचा भीमराज, त्याचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, शेठवर भरवसा ठेवून शेवटपर्यंत थांबला होता, आणि त्याचा कित्येक महिन्यांचा पगार बुडाला होता.

"त्याले आधी सांगून येतो," फुलचंद एका सकाळी म्हणाला.

संगीता आईकडे बोट दाखवत चिडली. "म्हशी याडीच्या होत्या, बा. त्यायले कायले इचारता? अन् ते नाही म्हणले त?"

तरी तो निघाला. यवतमाळला उतरल्यावर परत फिरावंसं वाटलं. अर्धा चहा तसाच टाकून तो मारेगाववरून जाणाऱ्या वणीच्या गाडीत चढला.

भीमराज आता कोळशाच्या टिप्परवर होता. ड्यूटीवर निघायच्या तयारीत ओट्यावर बसून बूट घालत होता. त्यानं पाणी दिलं, बस म्हणाला नाही.

"पोरीची फी भरायची हाय," फुलचंद उभ्यानंच बोलला. "रामीनं म्हशी विकल्या. म्हटलं, तुले इचाराव."

भीमराजनं लेस बांधली. "शेठ, मी नका भरू म्हटलं, त थे पैसे मले देसान?"

हा प्रश्न फुलचंदनं वाटभर स्वतःपासून लपवला होता. "नाही," तो शेवटी म्हणाला. "फीच भरीन."

"मंग इचारून माह्या डोक्यावर ओझं कायले टाकता? माह्या पोरानं, अश्वजितनं, बारावीनंतर कालेज सोडलं, तवा मले इचाराले कोणी आलं नव्हतं."

फुलचंदची मान खाली गेली. अश्वजितचं त्याला ठाऊकच नव्हतं.

"भरा फी. पोरीचा काय कसूर," भीमराज उठत म्हणाला. "पण भीमराजनं माफ केलं, असं कोणाले सांगू नका."

दुसऱ्या दिवशी अमरावतीला फी भरली. होस्टेलच्या फाटकाशी संगीतानं विचारलं, "काय म्हणले ते?" त्यानं सगळं सांगितलं, अश्वजितचंही. ती बॅग उचलून आत गेली.

मारेगावला जाऊन जिवाला थोडा थंडावा मिळेल असं त्याला वाटलं होतं. उलट झोप आणखीच उडाली. सुट्टीच्या दिवशी तो लग्नाच्या वऱ्हाडाच्या, नाहीतर देवदर्शनाच्या गाड्या चालवू लागला आणि ते पैसे दर महिन्याला मोबाइलवरून भीमराजला पाठवू लागला. पैसे पोचायचे, उलट शब्द कधी येत नसे.

संगीता दुसऱ्या वर्षाला गेली. श्रावण संपला, पितृपक्ष आला, लग्नं नाहीत, देवदर्शनाच्या गाड्याही नाहीत. त्या महिन्यात पैसे गेले नाहीत, आणि भीमराजचा फोन आला.

"शेठ, या महिन्याचे आले नाहीत."

"पाठवतो, भाऊ."

"अश्वजितचं आयटीआयचं भरायचं हाय. लवकर पाहा."

फोन बंद झाला. बरं वाटलं की वाईट, फुलचंदला ठरवता येईना. रामीबाईनं भाकर वाढली होती. ती तशीच ठेवून तो पायात चपला सरकवत शाळेच्या मालकाकडे उचल मागायला निघाला.