फुलताना उठवू नये

मनोरमाबाई झाडाचं फूल बघत नसत, मूळ बघत. रोज प्रार्थनेच्या घंटेआधी त्या शाळेच्या पडवीत यायच्या, वाशाला टांगलेल्या, सीतेची वेणी नावाच्या ऑर्किडखाली उभ्या राहायच्या, अंबाड्यातला आकडा काढून तिचं एकेक मूळ हलकेच उचलून न्याहाळायच्या आणि आकडा परत खोचून वर्गावर जायच्या. मी चित्रकलेची नवी शिक्षिका. पहिल्याच आठवड्यात मी त्या ऑर्किडच्या पानांचं कौतुक केलं, तर बाई खेकसल्या, "तोंड काय बघतंस गो? पाय बघ त्येचे."

जामसंड्याजवळचं आमचं हायस्कूल, ऐंशी सालानंतरची ती वर्षं. बाई जीवशास्त्र शिकवत. वर्गात त्यांचं मराठी पुस्तकासारखं चोख असे, पण राग आला की त्या मालवणीवर येत. आणि राग त्यांच्या नाकावरच असे. ती वेणी वादळात मोडलेल्या फणसाच्या फांदीवर सापडली होती. शिपाई बांडगूळ म्हणून चुलीत घालायला निघाला होता. बाईंनी ती त्याच्या हातातून हिसकावली, फणसाच्याच एका ओंडक्यावर काथ्याने बांधली आणि सहा वर्षं सांभाळली. सहा वर्षांत तिला एक फूल आलं नव्हतं.

एव्हाना ओंडका कुजत आला होता. जो तो सल्ला देई. मिरगाला लावलेलं सगळं जगतं, तेव्हा मिरगालाच हलवा, असं तर गावातलं शेंबडं पोरही सांगे. बाई म्हणत, "मिरग भातासाठी. ह्येचो मिरग ह्येच्या मुळात आसा." त्यांचा दुसरा एक मंत्र होता, तो आम्ही शिक्षकखोलीत त्यांच्या मागे नक्कल करून म्हणायचो: "जेवताना माणसाक आणि फुलताना झाडाक उठवू नये."

त्या जूनमध्ये वेणीने कळ्यांचा दांडा टाकला. नेमकी तेव्हाच बाईंची पिंगुळीला राहणारी बहीण आजारी पडली आणि बाईंना जावं लागलं. जाताना मला बजावलं, "फुलां झडांदेत. मगे मुळाक तांदळाएवढा हिरवा टोक येतला, तेव्हा ओंडको बदलूया. तोवर हात लावू नको, कोणाक लावूक देव नको." मी मान डोलावली. ती डोलावलेली मान आठवली की आजही माझा मलाच संताप येतो.

कारण त्याच पंधरवड्यात शाळेच्या नव्या हॉलचं उद्घाटन निघालं. संस्थेचे अध्यक्ष गावचे मानकरी. पाहुण्यांच्या स्वागताला दारात फुललेली वेणी हवी, तीही कुजक्या ओंडक्यावर नव्हे, सिमेंटच्या नव्या कुंडीत, असं त्यांनी ठरवलं. मी चाचरत म्हटलं, "बाई नको म्हणाल्यात." त्यावर ते हसले. हॉलचा मुहूर्त विचारायला देवळात कौल लावायचाच होता, त्यातच वेणीचंही विचारून घेतलं. देवीच्या अंगावर लावलेली पाकळी उजवीकडे पडली, म्हणजे होकार. झालं! आता बोलायचं कोणी? आणि देवीच्या शब्दाने हलवायचं म्हणून काही कमी करायचं नाही, या भक्तिभावाने त्यांनी कुंडीत गाळलेली तांबडी माती घातली, वर पाटीभर उत्तम शेणखत. मुळं ओंडक्यावरून ओरबाडून काढली आणि मातीत दाबली. दाबताना झाड सरळ कोणी धरलं होतं? मी.

बाई परतल्या त्या दिवशी उद्घाटन होऊन दहा दिवस झाले होते. कुंडी दारातच पावसात चिंब भिजत होती. वर गुलाबी-पांढरी वेणी अर्धी उमललेली आणि खाली सगळं गाळ. बाईंनी छत्री टाकली आणि कुंडी उपडी केली. मुळं तपकिरी, बोटात धरली तर चिकट सालटी हातात यायची. हेडमास्तर आणि अध्यक्ष बाहेर आले.

"बाई, देवीने कौल दिला होता," अध्यक्ष म्हणाले.

"देवीक कुंडीचा इचारलास. माती-शेणाचा इचारलास? ह्येची मुळां वाऱ्यावर जगतत. जिता पुरलास तुमी ह्येका!" मग माझ्याकडे वळून, "आणि तू गो? तुका सांगान गेललंय मा मी?"

बाई पडवीत बसल्या. प्रयोगशाळेतलं पातं जाळावर धरून त्यांनी कुजलेलं मूळन् मूळ कापलं, जखमांवर कोळशाची पूड लावली. धड अशी तीनच मुळं उरली. मग सहा वर्षं ज्याची वाट पाहिली तो फुलांचा दांडाही त्यांनी बुडापासून छाटला. "तीन मुळांनी जीव धरूचो की फुलां पोसूची?" मला त्यांनी जवळ बोलावलं. वाटलं, आता कानाखाली बसणार. त्यांनी ती छाटलेली फुलांची वेणी माझ्या केसांत माळली. "घाल. तुझीच आसा ती. शाळा सुटासर काढू नको."

दिवसभर मी ती माळून वर्ग घेतले. मुली म्हणत होत्या, बाई, किती छान दिसता!

पुढचे दोन पावसाळे झाड पडवीत काथ्याला टांगलेलं नुसतं तग धरून होतं. तिसऱ्या वर्षी एका सकाळी बाईंची हाक आली. एका मुळाला तांदळाएवढं हिरवं टोक फुटलं होतं. फणसाचा नवा तुकडा, नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, सगळं त्यांनी तयार ठेवलं होतं. "बांध," एवढंच म्हणाल्या. मी काथ्याने मुळं नव्या तुकड्यावर बांधू लागले. त्यांनी मदत केली नाही, पण उठूनही गेल्या नाहीत. निवृत्त झाल्या तेव्हा ओंडका माझ्या घरी आणून स्वतःच्या हातांनी टांगला.

त्यानंतर दोन वर्षांनी, जूनमध्येच, बाई गेल्या. माझ्या दारातल्या वेणीने त्याच आठवड्यात, त्या छाटणीनंतर पहिल्यांदा फुलं उघडली होती. शोकसभेच्या सकाळी अध्यक्ष शिपायाला घेऊन दारात उभे. बाईंच्या फोटोला बाईंचीच वेणी घालायची, केवढं औचित्य! शिपायाच्या हातात कात्री होती.

मी शाळेतल्या माणसांशी कधी मालवणी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"हात लावशात तर याद राखा! तेव्हा गप रवलंय, आता रवूचंय नाय. जेवताना माणसाक आणि फुलताना झाडाक उठवू नये, इतक्या वर्सांत इतक्यापण कळला नाय तुमका?"

ते गेले. बाईंच्या फोटोला झेंडूचा हार घातला गेला. सभेला मी गेले नाही. केसांतला आकडा काढून वेणीखाली पायरीवर उभी राहिले आणि तिचं एकेक मूळ उचलून न्याहाळत गेले.