आधी स्टँड

माणसं कशावर ना कशावर भरवसा टाकून जगतात. माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या भाऊजींनी, तो कशावरच टाकला नाही, आणि जॅकवर तर मुळीच नाही. भाऊजी बेला गावाकडच्या एका शाळेत गणित शिकवायचे. आमचा आदिलाबाद जिल्हा तेव्हा आंध्रात होता, आणि त्या साऱ्या टापूत स्वतःची मोटार असलेला मास्तर हा एवढा एकच. मोटार सेकंडहँड; एक दिवस चालली की दोन दिवस आजारी. त्यामुळे भाऊजींचं अर्धं आयुष्य तिच्या पोटाखाली गेलं. पण खाली शिरण्याआधी ते जे काही करत, ते पाहायला गल्लीतली रिकामी मंडळी चहाचे कप घेऊन ओट्यावर बसत. आधी जमिनीवरच्या चाकांना मागून-पुढून दगड. मग हँडब्रेक, मग गिअर. मग फळीवर जॅक. मोटार उचलली की तिच्याखाली लोखंडी तिपाई स्टँड लावायचे आणि जॅक हळूहळू सैल करून तिला त्यांच्यावर बसवायचं. काढलेलं चाकही आडवं करून खाली सरकवायचं. शेवटी मोटारीला दोन्ही हातांनी असे काही हिसके द्यायचे, की मास्तर तिच्याशी कुस्ती खेळताहेत असं नवख्याला वाटावं. एवढं करूनही ती हलली नाही, तरच स्वारी खाली जाई.

जॅक विकत घ्यायला मी एकदा त्यांच्याबरोबर आदिलाबादेला गेलो आणि जन्माची अद्दल घडली. जॅकच्या मानेवरून बोट फिरवून ते तेल पाझरतंय का बघत, बोटाचा वास घेत. जॅकवाला म्हणाला, “गुरुजी, दो टन उठाता है.” भाऊजी म्हणाले, “उठाके दिखाओ.” शेवटी बिचाऱ्याला स्वतःची व्हॅन रस्त्यावर उभी करून उचलून दाखवावी लागली. मग भाऊजींनी ती तशीच उचललेली ठेवून आम्हा दोघांना समोरच्या हॉटेलात चहा पाजला, आणि परत येऊन पट्टीने मोजलं, की ती खाली बसली का. बसली होती, बोटभर. “पाह्यलं?” ते मला म्हणाले. “जॅक उचलते, धरत नाई. धराले स्टँडच पायजे.” मग स्टँड निवडण्यात संध्याकाळ झाली. पुतणीच्या लग्नात बुद्धवंदना आटोपल्यावर लोक भांडी आणि साड्या देत होते, तेव्हा यांनी नवरदेवाच्या हातात स्टँडची जोडी ठेवली. नवरदेवाकडे सायकल होती.

आमच्याकडची काळी माती वरून वाळते आणि आतून मऊच राहते, म्हणून भाऊजींनी अंगणात मोटारीपुरता सिमेंटचा कोबा करून घेतला होता. ताई येईल-जाईल त्याला सांगायची, “मी सैपाकघर शेणानं सारवून राह्यली, अन् याइच्या गाडीले कोबा!” गाव हसायचं. गावाला बैलगाडीची सवय. चाकाला वंगण द्यायचं तर दोघांनी गाडीला खांदा द्यायचा, खाली दगड सारायचा आणि बिनधास्त काम करायचं. मोटार काय न् जीप काय, गावाच्या लेखी बिनबैलाची गाडीच होती.

भाऊजींचे जिवलग असे एकच, शेजारचे किराणा दुकानदार. दोघे रोज संध्याकाळी एका बाकावर बसून भांडत. एका पावसाळ्यात आठवडाभराची झड नुकतीच उघडली होती. दुकानदारांच्या जीपचा मागचा पाटा, म्हणजे स्प्रिंगची पट्टी, तुटला, म्हणून त्यांनी ती अंगणातच विटांवर जॅक ठेवून उचलली. भाऊजींनी स्टँड आणून दिले, तर ते हसले. “मास्तर, तुमी मराले लय भेता.” भाऊजी रागावून स्टँड उचलून घरी आले; मी तेव्हा ताईकडेच राहत होतो. थोड्याच वेळात पलीकडून दुकानदारांच्या बाईंची किंकाळी आली.

विटा मातीत रुतून जॅक कलंडला होता आणि जीप त्यांच्या छातीवर बसली होती. चार-पाच जण खांदा द्यायला धावले, पण जीप जराशी उचलली जायची आणि परत खाली यायची. भाऊजी जॅक, फळ्या आणि स्टँड घेऊन पळत आले. त्यांनी सगळ्यांना मागे सारलं आणि जीप उचलली. मी खाली शिरणार, तोच त्यांनी माझी कॉलर धरली. “आधी स्टँड!”

“मास्तर, माणूस मरून राह्यला, अन् तुमी स्टँड लावून राह्यले?” कोणीतरी ओरडलं. बाई त्यांच्या पाठीवर बुक्क्या मारत होत्या. भाऊजींनी फळ्यांवर दोन्ही स्टँड लावले, तेव्हाच माझी कॉलर सोडली. मी खाली गेलो. दुकानदारांनी माझी बोटं घट्ट धरली. मी त्यांना ओढतो आहे तोच फळी कलली, जॅक निसटला, आणि जीप धाडकन माझ्यावर आली. आली ती स्टँडवर थांबली.

दुकानदार आदिलाबादच्या दवाखान्याच्या वाटेवर टेम्पोतच गेले. मास्तरनं स्टँड लावता लावता माणूस घालवला, असं गाव बोललं. जॅक निसटला होता हे मी ज्याला त्याला सांगत फिरलो. कोणी ऐकून घेतलं नाही. बाईंनी आमच्या ताईशी बोलणं टाकलं. भाऊजी खाली मान घालून शाळेत जात-येत राहिले. मला त्यांचा फार राग यायचा, आणि त्याहून जास्त दया यायची.

बऱ्याच वर्षांनी, ते निवृत्त झाल्यावर, एका दुपारी आम्ही ओट्यावर बसलो होतो. त्यांनी एकदम विचारलं, “बाबू, तू खाली गेला तवा तो जिता व्हता का रे?”

खोटं बोलायचं फार मनात आलं. जमलं नाही. “जिते व्हते, भाऊजी. बोटं धरली व्हती माही.”

त्यांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. मग तोंड न वळवताच म्हणाले, “तुही पोरगी कितवीत गेली?”

“तिसरीत.”

माझं लग्नच मुळी त्या पावसाळ्यानंतरचं.

“बरं हाय,” भाऊजी म्हणाले, आणि त्यांनी डोळे पुसले.