काखेतला कोंबडा

चहा थंड झाला तरी चालेल, पण हे ऐकून घ्या. स्वतःच्याच गावच्या बाजारात, भर दुपारी, शंभर माणसांसमोर शिकलासवरलेला माणूस किती बावळट ठरू शकतो, याचा नमुना तुमच्यापुढे बसलाय!

आई जाऊन दोन महिने झाले होते. बाबा गावी, आलापल्लीला, एकटेच होते. वनखात्याच्या सागवान डेपोतून रिटायर झालेला माणूस! एके काळी लाकडांच्या थप्पीवर चढून ओरडले, की अर्ध्या गावाला ऐकू जायचं. आता दिवसभर खाटेवर बसून असायचे. चूल पेटली तर पेटली. मी नागपूरहून शेजारच्यांच्या फोनवर फोन करायचो. बाबा यायचे, "बरा हाय" म्हणायचे, आणि ठेवून द्यायचे.

शेवटी रजा टाकून मीच गेलो. म्हटलं, "बाबा, चला माझ्याकडे." तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "येतो." असं म्हणाले, की नाही म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

आता अडचण एकच उरली. साहेब!

साहेब म्हणजे आईचा कोंबडा. छाती काढून अंगणात राउंड मारायचा, म्हणून आईनं ठेवलेलं नाव. नुसता रुबाब हो! शेजारची कोंबडी याला टोचून जायची आणि हा आईच्या पदराखाली शिरायचा. तिच्या हातचा भात खाऊन खाऊन फुगला होता. त्याला माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कुठे ठेवणार?

बाबा म्हणाले, "आज बाजार हाय. देऊन ये कोणाले. पण कापणाऱ्याले नको देऊ. पोसणाऱ्याले दे. आन् पैसे नको घेऊ."

"बरं."

"उलटा नको धरजो त्याले. तुह्या आईनं त्याले कधी उलटा नाई धरला."

झालं! मी साहेबाला लेकरासारखं काखेत घेतलं आणि निघालो.

तुम्ही आमच्या भागातले असाल, तर आत्ताच कपाळावर हात मारला असेल. नसाल तर सांगतो. आमच्या बाजारात विकायचा कोंबडा पाय बांधून उलटा लटकवून नेतात. काखेत सरळ बसवून नेतात तो झुंजीचा! बाजाराच्या मागं पळसाच्या झाडांआड कोंबडबाजार भरतो. तिथं कोंबड्याच्या पायाला काती, म्हणजे धारदार पातं बांधतात आणि दोघांना झुंजवतात. हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या घरी जातो. हे मला लहानपणी पाठ होतं. नागपूरच्या बँकेत बसून बसून विसरलो, दुसरं काय?

बाजारात मोहफुलांचे ढीग लागले होते. तेंदूची टेंभरं, चारोळ्या, सुकट, सगळं होतं. आई नसताना त्या बाजारात पहिल्यांदाच पाय ठेवत होतो. तिची नेहमीची भाजीवाली समोरच बसली होती. तिनं मला पाहिलं, काखेतल्या साहेबाला पाहिलं, आणि तोंडाला पदर लावला.

"बाईले जाऊन दोनच मयने झाले, आन् तू हे करून राह्यला?"

"काय करू मावशी? बाबांनीच सांगितलं."

"भाऊनं सांगतलं? भाऊनं?" ती बिचारी तोंड फिरवून भाजीवर पाणी शिंपडायला लागली. मला वाटलं, साहेब परक्या घरी चालला म्हणून हिला वाईट वाटतंय. मायाळू बाई!

तेवढ्यात लाल गमछेवाला एक गडी आडवा आला. त्यानं साहेबाच्या मांड्या दाबल्या, पंख उचलून पाहिले, चोच उघडून पाहिली. मी खूश! पोसणारा माणूस असाच पारखून घेणार ना?

"कोणाचा हाय, भाऊ?"

"आमच्या आईचा. आणि हे बघा, मला पैसेबिसे नकोत."

"पैसा नाई लावत?" तो मागं वळून ओरडला. "अरे, हा इज्जतीवर खेळते!"

दहा-बारा जण जमले. मला वाटलं, इज्जत म्हणजे कोंबड्याला इज्जतीनं ठेवतील. मी आपला खरं ते सांगून मोकळा झालो. "तसा गरीब आहे हो. कोणाच्या अध्यात ना मध्यात."

सगळे खो खो हसले. "अस्सल खेळणारा असंच सांगते, गड्या!"

वाजतगाजत म्हणावं तसे आम्ही पळसांमागे गेलो. कुणीतरी साहेबाला माझ्या काखेतून घेतलं आणि त्याच्या पायाला दोरा गुंडाळायला लागला. मी म्हटलं, खुणेला बांधत असेल. मग उन्हात पातं चमकलं.

"अहो, हे काय? याला पोसायचं आहे!"

"जितला तं पोसजो," गमछेवाला म्हणाला. "हारला तं आमी खाऊ."

मी ओरडलो, पुढं धावलो. पण त्या गर्दीत माझं कोण ऐकणार? साहेब रिंगणात पोचला होता. समोर एक काळा कोंबडा, मान फुगवून उभा. बाबांना काय सांगू? आईच्या हातून खाल्लेला एवढा एकच जीव घरात उरला होता, आणि तो मी स्वतःच्या काखेतून इथं आणून सोडला होता! खोटं कशाला बोलू, मला तिथंच रडू फुटलं.

काळ्यानं झेप घेतली. आणि साहेबानं काय करावं? खाली बसला! आईपुढं भातासाठी बसायचा तसा, पाय पसरून. काळा त्याच्या अंगावरून गेला, पंख साहेबाच्या कातीला घासला, रक्त आलं. तो किंचाळत माणसांच्या पायांतून मोहफुलांच्या ढिगाकडे पळाला.

एकच ओरड झाली! रिंगण सोडून पळाला तो हरला.

काळ्याचा मालक एक बुटका म्हातारा होता. त्यानं आपला कोंबडा पकडून आणला आणि माझ्या दुसऱ्या काखेत दिला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"मला नको हो, बाबाजी. घेऊन जा तुमचा."

"नको नका म्हणू, भाऊ. चार लोकांत मले खाली पाहाले नका लावू."

दोन काखांत दोन कोंबडे घेऊन मी भर बाजारातून घरी आलो. पोरंसोरं मागं! बाबा खाटेवरच होते. त्यांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे.

"एक द्याले गेलता ना तू?"

मी सगळं सांगितलं. बाबांनी खाली मान घातली. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. हसत होते हो! आणि मग खरंच रडले. आई गेली तेव्हाही रडले नव्हते. नंतर डोळे पुसून उठले आणि काळ्यासाठी हळद शोधायला लागले. डबा सापडेना. हळद कुठे असते हे फक्त आईला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत अंगणात माणसं हजर. साहेबाला पाहायला! तो बुटका म्हाताराही हळदीची पुडी घेऊन आला, काळ्याजवळ उकिडवा बसला, त्याच्या पंखावरून हात फिरवत राहिला. बाबांनी स्वतः चूल पेटवून सगळ्यांना चहा केला.

मी बॅगा भरून उभा. "बाबा, गाडीची वेळ झाली."

"मी नाई येत."

"अहो, कालच हो म्हणालात ना?"

"दोन मयने झाले, बाप्पा. मले पाहाले जो येते तो तोंड पाडून येते. आज पह्यल्यांदा लोकं हसत आले."

"म्हणजे एका कोंबड्यासाठी तुम्ही इथं एकटे राहणार?"

"एक कुठी? तू दोन आणून देल्ले ना!"

मी एकटाच बॅग उचलून निघालो. बाबा दारापर्यंतही आले नाहीत. त्या म्हाताऱ्यासोबत काळ्याला हळद लावत बसले होते. वाटलं, निदान पोचल्यावर फोन कर तरी म्हणतील. मी फाटकापाशी पोचलो आणि मागून त्यांचा डेपोतला जुना आवाज आला.

"अबे, फाटक लावून घेजो! कोंबडे बाहेर जातीन!"